गेटाबाहेर बोलायच्या गोष्टी

माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत साड्या, गाऊन, एक गोधडी आणि मोबाईल उभा करायचं प्लास्टिकचं स्टँड होतं. स्टँड कशाला, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी पोळ्या लाटत होते. आतल्या खोलीतून आधी बासरी वाजली, मग पाकात बुडवून काढल्यासारखा एका बाईचा आवाज आला, "मी निरोगी आहे." पाठोपाठ आमच्या ताई, "मी निरोगी हाय." मग पुन्हा ती बाई, "माझ्या शरीराची प्रत्येक पेशी आनंदी आहे." ताई जरा अडखळल्या, पण पेशीही आनंदी झाली. पुढचं वाक्य कुकरच्या शिट्टीत गेलं. मी लाटणं खाली ठेवलं आणि मनात म्हटलं, झालं, आता रोज सकाळी हे.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. राहायला पिंपळगाव बसवंतला. तिथल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसात त्या कामाला जातात. घडातले खराब मणी बारीक कात्रीनं काढायचे, घड डब्यात नीट बसवायचे, असं ते काम. टेबलावरच्या सगळ्या बायका त्यांच्या हाताखालच्या. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावरच त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि पुढे केमो सांगितली. हॉस्पिटल इथे नाशकात, आमच्या घरापासून द्वारकेचा चौक ओलांडला की आलंच. तेव्हा उपचार संपेपर्यंत त्यांनी आमच्याकडे राहावं असं ठरलं. दीर टेम्पो चालवतात, हंगामात त्यांना जेवायला सवड नसते. ते रविवारी येऊन भेटून जायचे.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. खिडकीशी बसून इतकी वर्षं लोकांचं 'उद्या नक्की आणतो, मॅडम' आणि 'सगळं ठीक होईल हो' ऐकलं की माणसाचा गोड बोलण्यावरचा विश्वास उडतो. माझा तर स्वभावच मुळात तिखट. त्यामुळे आजारी माणसानं आरशासमोर उभं राहून 'मी निरोगी आहे' म्हणायचं, हे मला आधी हास्यास्पद वाटलं आणि मग त्याचा राग यायला लागला. ताईंचा नव्हे, त्या फोनमधल्या बाईचा. तिला काय जातंय म्हणायला?

पण खरं सांगायचं तर त्या बाईनं नवीन काहीच शिकवलं नव्हतं. आमच्या सासूबाई हेच सांगत गेल्या. घरात वाईट बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणत असते. तेल संपलं म्हणायचं नाही, दिवा विझवला म्हणायचं नाही, घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. मी लग्न होऊन आले तीच घाईत. सकाळी चपला सरकवत 'जाते हो' म्हणायचे आणि संध्याकाळी आल्यावर बोलणी खायचे. ताईंनी मात्र सासूबाईंचा शब्द खाली पडू दिला नाही. फोनमधली बाई आणि सासूबाई एकाच शाळेतल्या, फक्त सासूबाईंकडे बासरी नव्हती.

ताईंनी त्या वाक्यांमध्ये आपल्या सोयीनं बदलही केले होते. "विश्व माझ्यासोबत आहे" असं एक वाक्य होतं. त्यांचं म्हणणं, विश्व म्हणजे लय मोठं झालं, त्याला आपला पत्ता कसा सापडायचा. त्यांनी विश्वाच्या जागी सप्तशृंगीला बसवलं. गडावरून नाशिक दिसतं म्हणे.

केमोच्या दिवशी मी रजा टाकायचे आणि त्यांच्यासोबत जायचे. दुसऱ्या खेपेला सुईला शीर सापडेना. सिस्टर नवीन होती, तिच्या कपाळावर घाम आला. ताईंनी डोळे मिटले आणि पुटपुटायला लागल्या, "मी शांत हाय, मी शांत हाय." सिस्टरचा हात आपसूक सैलावला आणि शीर सापडली. शेजारच्या खाटेवर मनमाडची एक बाई होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती हळूच म्हणाली, मावशी, माझ्यासाठी पण म्हणा. ताईंनी तिच्यासाठीही म्हटलं. मी स्टुलावर बसून बघत होते. माझ्या तिखट जिभेनं त्या खोलीत कुणाचं काडीचंही भलं झालं नव्हतं, हे मला मान्य करावं लागलं.

डॉक्टर तरुण होत्या, समजूतदार. दर वेळी सगळं विचारायच्या. मळमळतं का, तोंड आलंय का, हातापायांना मुंग्या येतात का, ताप आला होता का. ताईंचं उत्तर ठरलेलं, "काही नाय. एकदम छान." डॉक्टर खूश. असे पेशंट पाहिजेत, म्हणाल्या. घरी माझे यजमानही तेच म्हणायचे, वहिनींचं मन खंबीर आहे. मला मात्र ताटात उरलेली खिचडी दिसायची. पाण्याचा घोट घेताना त्या मान वाकडी करायच्या तेही दिसायचं. विचारलं तर पुन्हा तेच, छान हाय, तू नको काळजी करू. ज्याला दुखतं त्यानंच छान म्हटलं, तर दुसऱ्यानं भांडायचं कुणाशी?

मग तो ताप आला.

मार्चमधली दुपार होती. मी शाळेतून परत आले तर ताई पंखा बंद करून, गोधडी लपेटून पलंगावर बसल्या होत्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडेल असं ऊन आणि यांच्या अंगावर गोधडी. समोर स्टँडवर मोबाईल, त्यात बासरी. मी चहा केला. कप देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली आणि मी हात मागे घेतला, इतकी ती तापली होती. थर्मामीटर आणला तर त्या तोंड फिरवून बसल्या. "नको लावू. काही नाय झालं." मी ऐकलं नाही. एकशे दोनच्या वर होता.

केमो चालू असताना ताप आला तर जराही थांबायचं नाही, लगेच यायचं, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी त्यांना तशाच गोधडीसकट रिक्षात घातलं. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे ताप? ताईंनी गोधडी आणखी लपेटून घेतली. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, काल सकाळपासून. डॉक्टर पहिल्यांदाच चिडल्या. "आणखी उशीर केला असता तर..." एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि सिस्टरला सूचना द्यायला वळल्या. ताईंना वेगळ्या खोलीत नेलं. आत कुणी जायचं नाही, काचेतून बघायचं.

मी जिन्यात जाऊन बसले. मला इतका राग आला होता की रडू येत नव्हतं. ज्या पेशींना रोज सकाळी आनंदी करत होतो त्याच मरून पडल्या होत्या आणि आम्ही घरात बासरी ऐकत बसलो होतो. आणि मग, कुणीही बघत नाही हे पाहून, मी म्हटलं, "त्या बऱ्या होत आहेत." एकदा म्हटलं, मग पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण गप्प बसण्यापेक्षा ते बरं होतं.

त्या बऱ्या होऊन घरी आल्या. अशक्त, पण डोळ्यांत जान आलेली. मला वाटलं, आता धडा मिळाला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बासरी. मी विचारलं, तोंड आलंय का? उत्तर, छान हाय. तेव्हा मात्र माझा तोल गेला. म्हटलं, ताई, पॅकहाउसात घडात खराब मणी दिसला तर तुम्ही काय करता? त्याच्यापुढे उभं राहून 'तू छान आहेस' म्हणता, की कात्री लावता? एक राहिला तर सगळा डबा नासतो, हे तुम्हीच सांगता ना आम्हाला?

ताई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मण्याला कुठं ऐकू येतं? घराला येतं."

त्या कशाला घाबरतात ते मला त्या दिवशी नीट उमगलं नाही. उमगलं ते पुढच्या आठवड्यात, तपासणीहून परत येताना, द्वारकेच्या चौकात. सिग्नलला रिक्षा अडकली होती. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो, आणि सगळेच हॉर्न वाजवत होते. डॉक्टरांपुढे नुकतंच 'एकदम छान' म्हणून आलेल्या ताई एकाएकी बोलायला लागल्या. हाताच्या बोटांत, पायाच्या तळव्यांत मुंग्या येतात, फरशी गार की गरम ते कळत नाही. जिभेवर फोड आलेत, मीठ लागलं की जीव जातो. उलटी येईल म्हणून जेवत नाही. आणि मग, समोरच्या ट्रकच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "मला वाटतं मी यातून उठत नाय आता."

मी त्यांच्याकडे वळले. विचारलं, अहो, हे आत डॉक्टरांना का नाही सांगितलं? घरी मला का नाही?

"घरात कसं बोलायचं? वास्तू तथास्तु म्हणते. दवाखाना पण वास्तूच ना. तिथं तर बिचारी दिवसभर काय काय ऐकत असंल. इथं रस्त्यात कोण बसलंय तथास्तु म्हणायला?"

सिग्नल सुटला. मला आधी हसूच आलं. ही बाई इतके दिवस सगळं दुखणं तोंडात धरून बसली होती, कारण तिला ते ठेवायला जागा नव्हती. आणि आम्ही त्याला खंबीरपणा म्हणत होतो.

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, चला, जरा पाय मोकळे करू. आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर इस्त्रीची टपरी आहे, तिच्या मागे सिमेंटचा ओटा. आधी मी पार्किंगमध्येच बसू म्हणत होते, पण ताईंना ते पटेना. फ्लॅटची वास्तू फ्लॅटपुरती की अख्ख्या बिल्डिंगची, यावर आमचा वाद झाला. जिना कुणाच्या हद्दीत? पार्किंगवर आमचा स्लॅब येतो का? शेवटी नकोच ती भानगड म्हणून आम्ही गेट ओलांडलं. ओट्यावर बसल्यावर ताईंनी मागे वळून बिल्डिंगकडे बघितलं, अंतराचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "हां. आता विचार."

मग तो आमचा नेमच झाला. ऊन उतरलं की गेटाबाहेर. काय दुखतं, कुठे दुखतं, किती खाल्लं, रात्री झोप लागली का, सगळं त्या तिथे सांगायच्या. अगदी मन लावून, एकही खराब मणी न ठेवता. सगळं सांगून झालं की हात झटकायच्या, गेटातून आत यायच्या आणि घराच्या दारात शेजारीण भेटून कशा आहात म्हणाली की म्हणायच्या, "एकदम छान." आता ते छान मला खोटं वाटत नव्हतं. दुखणं बाहेर ठेवून आलेलं माणूस छान म्हणालं तर त्यात काय खोटं?

डॉक्टरांना मात्र आतच सांगावं लागणार होतं. तो प्रश्नही ताईंनीच सोडवला. म्हणाल्या, तू सांग, मी खिडकीतून बाहेर बघते. मी म्हटलं, का, माझं बोलणं तुमच्या वास्तूला ऐकू येत नाही वाटतं? "तुझं ऐकत नाय ती. तू रोज घरातून 'जाते' म्हणून निघतीस. कधी गेलीस का?" डॉक्टरांनी माझ्याकडून सगळं ऐकलं, औषधं बदलली, उलटीची गोळी वाढवली. ताई खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाक्या बघत बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटात आणखी वाढायला सांगितली.

एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा माहेरी आई आजारी होती. त्या तिच्या उशाशी राहायला गेल्या होत्या. एकदा चुलीपुढे बसून, थकून गेलेल्या, त्या आपल्या बहिणीला बोलून गेल्या, आता आई काही उठत नाही. त्याच रात्री आई गेली. पुढे कुणी त्यांना काही बोललं नाही. बहिणीला तर ते वाक्य आठवतही नसेल. "पण मी बोलले आणि घरानं ऐकलं. तवापासून मी घरात वाईट शब्द काढला नाय."

मी म्हणाले, ताई, त्या तुमच्या बोलण्यानं गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ठाऊक हाय मला, मी काय वेडी हाय का. पण ठाऊक असून भीती जात नाय. टपरीवरचा इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता, ठिणग्या उडत होत्या. ताईंनी डोक्यावरचा स्कार्फ नीट केला. केस गेल्यापासून त्या आरशात बघून वाक्यं म्हणायच्या ती फक्त तोंडाकडे बघून, वर नजर जाऊ द्यायच्या नाहीत, हेही त्यांनी मला तेव्हाच सांगितलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रोज माझंच चाललंय. तुझं काय ते सांग की."

मी म्हटलं, मला काय झालंय? त्या म्हणाल्या, आपण गेटाबाहेर हाय, इथं छान म्हणायचं नाय.

आणि मी बोलले. म्हटलं, मी दमलेय. शाळा, स्वयंपाक, हॉस्पिटल, माझी पाठ मोडून आलीय. तुमची ती बासरी ऐकली की डोकं उठतं. आणि मला भीती वाटते. तुम्ही त्या काचेमागे होतात ना, तेव्हापासून वाटते. या घरात मी आले तेव्हा मला सासूबाईंच्या बोलण्यापासून वाचवणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तुम्ही गेलात तर मी कुणाशी भांडू? बोलता बोलता मी रडायला लागले, भर रस्त्यात, इस्त्रीवाल्यासमोर. ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मुंग्यांनी बधिर झालेला तो हात. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. ना मी बरी होणार हाय, ना काही. नुसता हात ठेवून बसल्या. नंतर आम्ही उठलो आणि आत येऊन पिठलं टाकलं.

उपचार संपले. त्या पिंपळगावला परत गेल्या आणि पुढच्या हंगामात पुन्हा टेबलापाशी उभ्या राहिल्या. दर काही महिन्यांनी तपासणी असते. आता दीरच त्यांना घेऊन येतात, कारण माझी रजा संपलीय. फोन मात्र रोजच होतो. सुरुवातीला एकदा असं झालं की बोलता बोलता त्या म्हणाल्या, "थांब जरा, बाहेर येते." चपलांचा आवाज आला, मग अंगणाच्या फाटकाची कडी वाजली. मी गॅस बंद केला आणि फोन कानाशी दाबून धरला. पण त्या रस्त्यावर जाऊन एवढंच म्हणाल्या की गुडघा लय दुखतो. मी त्यांना फोनवरच झापलं. गुडघ्यासाठी कशाला रस्त्यावर जायचं? पण तेव्हापासून मला सवय लागली. त्यांचा फोन आला की मी आधी चपला वाजतात का ते ऐकते, मग बोलणं ऐकते.

परवा वर्षाच्या मोठ्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता. स्कॅनमध्ये डॉक्टरांना आधी काहीतरी शंका आली होती, म्हणून पुन्हा तपासलं होतं. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत दिरांच्या फोनवर येईल, असं सांगितलं होतं. मी शाळेतून घरी आले. चहा ठेवला आणि बंद केला. भाजी निवडायला घेतली, तीही राहिली. मग मी पायात चपला सरकवल्या आणि मोबाईल घेऊन खाली गेले. मी वास्तू वगैरे मानत नाही. तरी पार्किंगमध्ये थांबले नाही, गेट ओलांडलं आणि टपरीमागच्या ओट्यावर जाऊन बसले. जे काही ऐकायचं असेल ते इथे ऐकू, घरात नको.

फोन वाजला. मी कान देऊन ऐकलं. चपला वाजल्या नाहीत. कडी वाजली नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि भांड्यावर पळी आपटल्याचा आवाज आला. पण ताईंनी आधी माझ्याकडचा आवाज ऐकला असावा, कारण रस्त्यावरून हॉर्न वाजवत एक टेम्पो गेला.

"तू गेटाबाहेर जाऊन बसलीस का गं?" ताई म्हणाल्या. "ऊठ. आधी घरात जा. हे घरात ऐकायचं हाय."